पार्टनरला भेटायला जायचा व्हिसा नाकारला गेला तर: पाकीट उघडल्यापासून दुसऱ्या अर्जापर्यंत

पाकीट उघडायच्या आधीच बोटांना कळलं होतं. नुसता पासपोर्ट असता तर ते पाकीट पातळ लागलं असतं. आत घडी घातलेले कागद होते. नाशिकच्या कुरिअर ऑफिसबाहेर, गाडीच्या सीटवर ठेवून मी ते उघडलं. छापील चौकटी होत्या, आणि एकीत खूण: व्हिसाची मुदत संपण्याआधी आपण परत जाल याबद्दल वाजवी शंका आहे. माझा पार्टनर तिकडे कामावर होता. मी फोन न करता आधी फोटो पाठवला. आज वाटतं, निदान एक फोन करायला हवा होता.

माझं माणूस युरोपातलं आहे, मी नाशिकची. लग्न झालेलं नव्हतं, म्हणून भेटायचा रस्ता म्हणजे शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच अल्पकाळाचा व्हिसा), तोही पर्यटक किंवा पाहुणा म्हणून. त्यामुळे खालचं बरंचसं शेंगेनबद्दल आहे. ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडात काय वेगळं आहे तेही पुढे सांगितलं आहे.

पहिले दोन दिवस: नवा अर्ज भरायचा नाही

नकार आल्या रात्रीच नवी अपॉइंटमेंट शोधणारे मी खूप पाहिलेत. मीही शोधली होती. रागात भरलेल्या दुसऱ्या अर्जात पहिल्याचेच कागद जातात आणि पहिल्याचंच उत्तर येतं. शेंगेन व्हिसाचं शुल्क मोठ्यांसाठी ९० युरो आहे. नकार आला तरी ते परत मिळत नाही, आणि व्हिसा केंद्राचं सेवाशुल्कही जातं.

या दोन दिवसांत करायची कामं साधी आहेत. पत्राची सगळी पानं, पाठीमागची धरून, स्कॅन करा. पत्र हातात पडल्याची तारीख लिहून ठेवा, कारण अपिलाची मुदत बहुधा तिथूनच मोजतात. पाकीटही जपा. विमानाचं तिकीट रद्द करायची शेवटची तारीख बघा. प्रवास विम्याची कंपनी नकाराचं पत्र दाखवल्यावर हप्ता परत देते का ते विचारा. पॉलिसी सुरू व्हायच्या आधी विचारलं तर अनेक कंपन्या देतात. ऑफिसातली रजा मागे घ्या, ती पुढे लागणार आहे.

आणि एकमेकांशी बोला. इथे एक अडचण येते, तिची तयारी असू द्या. ज्याच्याकडे युरोपचा पासपोर्ट आहे त्याने आयुष्यात कधी बँक स्टेटमेंट घेऊन कुणापुढे उभं राहिलेलं नसतं. त्याला पहिल्यांदा वाटतं की काहीतरी गैरसमज झालाय, वकिलातीला एक ईमेल लिहिली की सुटेल. मग वाटतं, तूच काहीतरी भरायचं विसरलीस. माझ्याकडून त्याला टोमणा गेला, 'तुला काय कळणार.' दोघंही दमलेले होतो. नंतर मी त्याला व्हिडिओ कॉलवर चौकट न् चौकट वाचून दाखवली, अर्जदारालाच परत येण्याचा पुरावा का द्यावा लागतो ते समजावलं, आणि त्या दिवसापासून ती फाइल आमची दोघांची झाली. त्याच्या वाट्याची कामं त्याला वाटून द्या. अपराधी वाटत बसण्यापेक्षा नगरपालिकेत जाऊन एक कागद आणणं त्यालाही सोपं जातं.

घरच्यांना काय सांगायचं हे आधी ठरवा. माझ्या आजीने शांतपणे विचारलं, 'त्यानेच नको म्हटलं का गं?' तिला व्हिसा म्हणजे त्याच्या घरचं आमंत्रण वाटत होतं. मी तिला सांगितलं, 'आजी, कागद कमी पडले. पुन्हा अर्ज करणार आहे.' हेच वाक्य नंतर मावशीला, शेजारच्या काकूंना आणि ऑफिसातही चाललं. प्रत्येकाला पूर्ण कहाणी सांगत बसलात तर नकार रोज नव्याने ऐकावा लागतो.

पत्र वाचायचं कसं

शेंगेनचं नकारपत्र सगळ्या देशांत एकाच नमुन्याचं असतं. वर कारणांची यादी, लागू असेल तिथे खूण. भेटीला जाणाऱ्यांच्या पत्रात बहुतेक वेळा चारांपैकी एखाद्या ठिकाणी खूण दिसते.

पहिलं, प्रवासाचा उद्देश आणि राहण्याची व्यवस्था पटवून दिलेली नाही, किंवा दिलेली माहिती विश्वासार्ह नाही. अर्जात 'पर्यटन' लिहिलं, हॉटेलचं बुकिंग जोडलं, आणि राहणार मात्र पार्टनरच्या घरी, असं असलं की ही खूण येऊ शकते. दुसरं, पैसे पुरेसे दाखवलेले नाहीत. तिसरं, कागदांच्या खरेपणाबद्दल शंका. ही आली तर गंभीरपणे घ्या. एजंटने तुमच्या नावाने काय काय जोडलं ते त्याच्याकडून पानं मागवून बघा. चौथं माझं: परत जाण्याच्या इराद्याबद्दल शंका.

हे चौथं कारण सगळ्यात जास्त लागतं. वाचताना वाटतं, हे लोक मला चोर समजतात. खरं तर अधिकाऱ्यापुढे काही मिनिटांपुरती एक फाइल असते: तरुण, अविवाहित, तिकडे प्रेमाचं माणूस, पहिलाच मोठा परदेश प्रवास. तुम्ही परत याल हे त्या फाइलने सांगायचं असतं. माझ्या फाइलने काय सांगितलं होतं ते मी आठवडाभराने थंड डोक्याने बसून पाहिलं. मी ८५ दिवस मागितले होते, कारण नियमात कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, म्हणून. ऑफिसची रजा मात्र २१ दिवसांची. उरलेले दिवस कुठून येणार? शिवाय अर्जाच्या नऊ दिवस आधी बाबांनी माझ्या खात्यात २,१०,००० रुपये टाकले होते, खातं भरलेलं दिसावं म्हणून. माझा पगार ४२,०००. सहा महिन्यांच्या स्टेटमेंटमध्ये ती एकच ओळ उठून दिसत होती. आम्ही दोघांनी चार वेळा तपासलेल्या फाइलमध्ये हे दोन्ही होतं.

म्हणून असं करा: फाइलचा एक संच छापून घ्या आणि तुमचं नातं ठाऊक नसलेल्या कुणाला तरी वाचायला द्या. माझ्या ओळखीच्या एका बँक कर्मचाऱ्याला दहा मिनिटांत ती रजेची गफलत दिसली.

अपील करायचं की नवा अर्ज

शेंगेनच्या व्हिसा संहितेत नकाराविरुद्ध अपिलाचा हक्क आहे. ते त्या देशाच्या कायद्याप्रमाणे चालतं, आणि कुठे, किती दिवसांत, हे नकारपत्रावरच दिलेलं असतं. जर्मनीत पूर्वी वकिलातीकडेच फेरविचाराची विनंती करता यायची. ती सोय १ जुलै २०२५ पासून जगभर बंद झाली. आता नवा अर्ज, नाहीतर एका महिन्यात बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा. फ्रान्सची मुदत ३० दिवसांची.

माझं मत स्पष्ट आहे. चूक तुमच्या फाइलमध्ये असेल तर नवा अर्ज करा. फाइलमध्ये असलेला कागद त्यांनी पाहिलाच नाही हे तुम्हाला दाखवता येत असेल, तरच अपील करा. पहिल्या भेटीसाठी कोर्टात जाण्यात महिने जातात.

नवा अर्ज कधी? सक्तीचं थांबणं नाही. 'एकदा रिजेक्ट झालं की सहा महिने भरता येत नाही' हे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं, त्याला आधार नाही. आधीच्या नकारामुळे नवा अर्ज आपोआप नाकारू नये, असं संहितेतच लिहिलं आहे. पण नकाराची नोंद शेंगेन देशांच्या सामायिक व्हिसा प्रणालीत पाच वर्षं राहते. तेव्हा जर्मनीने नाकारलं म्हणून इटलीतून प्रयत्न करायचा आणि नकार लपवायचा, हा मार्ग धरू नका. अर्ज त्याच देशाकडे करायचा जिथे मुख्य मुक्काम आहे. ब्रिटन आणि कॅनडाच्या अर्जात तर कुठल्याही देशाने व्हिसा नाकारला आहे का हे थेट विचारतात. तिथे 'नाही' लिहिणं पहिल्या नकारापेक्षा कितीतरी महागात पडतं.

काहीतरी खरोखर बदललं की भरा. मी साडेचार महिने थांबले.

दुसरी फाइल

दिवसांपासून सुरुवात करा. रजा जितकी, मुक्काम तितका. मी दुसऱ्यांदा १६ दिवस मागितले. ऑफिसच्या पत्रात रजा कधीपासून कधीपर्यंत मंजूर, कामावर रुजू व्हायची तारीख, पद, पगार आणि नोकरीत किती वर्षं, हे सगळं लिहून घ्या. एचआर सहसा ठरलेल्या नमुन्याचं दोन ओळींचं पत्र देतं. आपणच मजकूर टाइप करून नेला तर सही मिळते.

पैशांचं. शिल्लक मोठी असण्यापेक्षा ती कुठून आली हे कळणं महत्त्वाचं. पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, आयटीआर आणि स्टेटमेंट यांतले आकडे एकमेकांशी जुळले पाहिजेत. आईवडिलांनी पैसे दिले असतील तर लपवू नका. त्यांचं सहीचं पत्र, मोडलेल्या एफडीची पावती, त्यांच्या खात्यातून निघाल्याची नोंद, तिन्ही एकत्र लावा. मित्राकडून महिनाभरासाठी उसने घेऊन खातं फुगवू नका.

घरची शेती असेल तर आपल्याकडे लोक सातबारा जोडून मोकळे होतात. सातबाऱ्यावर नाव वडिलांचं किंवा आजोबांचं असतं आणि अर्जदाराचा त्याच्याशी संबंध कागदावर दिसत नाही. तुमचं नाव असेल तर जोडा, इंग्रजी भाषांतरासह. उत्पन्न शेतीचं असेल तर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, बाजार समितीतल्या मालाच्या पट्ट्या आणि त्या रकमा खात्यात आल्याच्या ओळी जास्त बोलतात. माझ्या एका मैत्रिणीने कांद्याच्या पट्ट्या तारखेप्रमाणे लावून स्टेटमेंटवर पेन्सिलीने खुणा करून दिल्या होत्या. तपासणाऱ्याला शोधावं लागू नये, एवढाच त्यामागे विचार.

परत येण्याची कारणं तुमच्या आयुष्यात असतातच, फक्त त्यांचे कागद आपण काढलेले नसतात. चालू शिक्षण, परीक्षेचं हॉल तिकीट, घराचं भाडेपत्र, कर्जाचा हप्ता, आईच्या उपचारात तुमचं नाव काळजीवाहक म्हणून असेल तर तो कागद. लग्न झालेलं नाही, मूल नाही, म्हणून आपल्याकडे 'बंध' नाहीत असं धरून चालू नका.

आता नात्याबद्दल. अनेक एजंट सांगतात, बॉयफ्रेंडचा उल्लेखच करू नका, पर्यटक म्हणून जा. मी याच्या पूर्ण विरोधात आहे. राहण्याचा पत्ता त्याचा, खर्च अर्धा त्याचा, आणि विमानतळावर उतरल्यावर पोलिसाने 'कुणाकडे चाललात' विचारलं की उत्तर त्याचंच. अर्जात एक आणि तोंडी एक असं झालं की पुढच्या सगळ्या अर्जांवर त्याची सावली पडते. नातं सांगा, पण थोडक्यात. कधी आणि कुठे भेटलात, आधी किती वेळा प्रत्यक्ष भेटलात, दोघांच्या पासपोर्टवरचे शिक्के, तीन-चार फोटो तारखेसह. चॅटची दोनशे पानं नकोत. तुमचं खाजगी बोलणं कुण्या तिसऱ्याने वाचायची गरज नाही, आणि तेवढं वाचायला कुणाला वेळही नसतो.

पार्टनरकडून अधिकृत हमीपत्र मिळतं का ते बघा. साध्या निमंत्रणापेक्षा त्याला वजन असतं. जर्मनीत त्याला फेरफ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग म्हणतात. यजमानाने परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन, स्वतःचं उत्पन्न दाखवून ते घ्यायचं असतं, शुल्क २९ युरो. त्यात तो तुमच्या खर्चाची कायदेशीर जबाबदारी घेतो, म्हणून सही करण्याआधी दोघांनी त्याचा अर्थ नीट समजून घ्या. फ्रान्समध्ये घरी पाहुणा ठेवायचा तर नगरपालिकेचं निवास प्रमाणपत्र लागतं. मात्र यजमानाची हमी खर्चाचा प्रश्न सोडवते. परत येण्याचा प्रश्न तुमच्याच कागदांनी सुटतो.

शेवटी कव्हर लेटर, एक पान, इंग्रजीत. माझ्या पहिल्या पत्रात 'त्याच्याशिवाय राहणं मला असह्य झालं आहे' अशा अर्थाचं वाक्य होतं. ते खरं होतं. पण परत येईल की नाही हे तपासणाऱ्या माणसापुढे मी ते ठेवलं होतं. दुसऱ्या पत्राचा क्रम असा होता: या तारखेला मला नकार मिळाला, कारण हे होतं. त्या अर्जात मी रजेपेक्षा जास्त दिवस मागितले होते, ती चूक होती. या वेळी मुक्काम १६ दिवसांचा आहे, रजेचं पत्र पान ४ वर. त्या वेळी खात्यात आलेली रक्कम वडिलांची होती, खुलासा पान ११ वर. मी या तारखेला परत येऊन या तारखेला कामावर रुजू होईन. नकाराचा उल्लेख स्वतःहून केला, आणि प्रत्येक वाक्याला पान क्रमांक दिला.

अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी १५ दिवस आधी करता येतो. निर्णय साधारण १५ दिवसांत, पण ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. उन्हाळ्याच्या सुट्टीत अपॉइंटमेंट मिळणंच कठीण असतं, ते धरून मागे मोजा.

ब्रिटन, अमेरिका, कॅनडा

ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसाला आता नेहमीचं अपील नाही. कुटुंबाला भेटायला जाणाऱ्यांचा तो हक्क २०१३ मध्ये गेला. नकारपत्रात कारणं मात्र परिच्छेदवार लिहिलेली असतात, आणि नवा अर्ज म्हणजे त्या प्रत्येक परिच्छेदाला उत्तर. खोटा कागद सापडला तर दहा वर्षांची बंदी येऊ शकते.

अमेरिकेत बहुतेक पर्यटक व्हिसे २१४(ब) कलमाखाली नाकारले जातात. तुम्ही तिथे स्थायिक व्हायला येताय असं कायदाच गृहीत धरतो, आणि ते खोडून काढायचं काम अर्जदाराचं. अपील नाही. सगळं मुलाखतीवर असतं, कागद बघितलेच जातील असं नाही, म्हणून 'कशासाठी, किती दिवस, परत कशासाठी' याची प्रत्येकी एका वाक्याची खरी उत्तरं तयार ठेवा. पार्टनर अमेरिकन नागरिक असेल आणि पुढे लग्नाचा विचार असेल तर के-१ हा वाग्दत्त वधूवरांचा व्हिसा वेगळा आहे. त्यासाठी अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांत दोघं प्रत्यक्ष भेटलेले असावे लागतात. ती भेट नाशकात झाली तरी चालते.

कॅनडाच्या नकारपत्रात पूर्वी फारसं काही नसायचं. जुलै २०२५ पासून अनेक नकारपत्रांसोबत अधिकाऱ्याच्या टिपणी येतात. त्या आल्या नसतील तर माहितीच्या अधिकारासारख्या अर्जाने मागवता येतात. पुन्हा भरायच्या आधी त्या वाचाच.

मधले महिने

व्हिसा नाकारला म्हणजे भेट नाकारली असं आम्ही पहिले तीन आठवडे धरून बसलो होतो. मग नकाशा उघडला. नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही, आणि युरोपच्या माणसाला काठमांडूच्या विमानतळावर मिळतो. मॉरिशस आणि मालदीवलाही भारतीय पासपोर्टवर आधी व्हिसा काढावा लागत नाही. आम्ही काठमांडूला नऊ दिवस भेटलो. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, आधार कार्ड चालत नाही. पासपोर्टच न्या. त्यावर शिक्का लागला तर तो पुढच्या फाइलमध्ये दोन गोष्टी सांगतो: तुम्ही एकमेकांना खरंच भेटता, आणि परदेशात जाऊन वेळेवर परत येता.

दुसरा मार्ग, त्यानेच इकडे यावं. भारताचा ई-टूरिस्ट व्हिसा बहुतेक युरोपीय देशांच्या नागरिकांना ऑनलाइन मिळतो. अधिकृत संकेतस्थळाचा पत्ता गव्ह डॉट इन ने संपतो. हुबेहूब दिसणाऱ्या खाजगी साइट जास्तीचे पैसे घेतात. तो तुमच्या घरी राहणार असेल तर आल्यापासून २४ तासांत त्याची नोंद ऑनलाइन करावी लागते. लोक तिला 'सी फॉर्म' म्हणून ओळखतात. ही जबाबदारी घरमालकाची, म्हणजे बहुधा बाबांची. हॉटेल घेणार असाल तर फोनवर आधी विचारा की परदेशी पाहुणे घेता का. छोट्या लॉजमध्ये ही नोंद करायची सोय नसते आणि रात्री अकराला दारातून परत फिरावं लागतं.

रोजच्या बोलण्यालाही थोडी शिस्त लागते. मध्य युरोप आपल्यामागे उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास असतो. तिकडे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं बदलली की आमचा रात्री साडेनऊचा फोन साडेदहावर जायचा, आणि दरवर्षी त्या आठवड्यात भांडण व्हायचं. कारण कळल्यावर कॅलेंडरवर खूण केली. आणखी एक नियम केला: व्हिसाचं बोलणं फक्त रविवारी, अर्धा तास. बाकीचे दिवस त्याच्या आईचा गुडघा, माझी बदली, दोघांनी एकाच वेळी केलेली खिचडी. त्याची खिचडी कायम करपायची.

याच काळात कुणीतरी हमखास सुचवतं, 'लग्न करून टाका, म्हणजे व्हिसाची कटकट मिटेल.' मिटत नाही. लग्नानंतरचा राहण्याचा व्हिसा हा पूर्ण वेगळा अर्ज आहे. जर्मनीसाठी तर बहुतेक वेळा ए-१ पातळीची भाषा परीक्षा लागते. इथे १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं तर दोघांपैकी एकाचा त्या जिल्ह्यात ३० दिवसांचा रहिवास आणि नोटिशीनंतर ३० दिवस थांबणं आलंच. लग्न करायचं असेल तर जरूर करा, पण नकाराच्या महिन्यात ठरवू नका.

व्हिसा मिळाल्यावर

दुसऱ्या वेळी पाकीट पातळ होतं. स्टिकरवर नावाचं स्पेलिंग, पासपोर्ट क्रमांक, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, किती प्रवेश आणि किती दिवस, हे तिथेच उभ्याने तपासा. तारखांमधलं अंतर आणि मुक्कामाचे दिवस वेगळे असू शकतात. दिवसांचा आकडा पाळायचा. कव्हर लेटर, विमा, हमीपत्र आणि परतीचं तिकीट यांच्या प्रती हातातल्या पिशवीत ठेवा. सीमेवरचा अधिकारी हे सगळं पुन्हा मागू शकतो. माझ्याकडे त्याने फक्त हमीपत्र मागितलं आणि विचारलं, किती दिवस? मी म्हटलं, सोळा.

परतल्यावर बोर्डिंग पास फेकू नका. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी शेंगेनचा नवा नियम आहे: तीन वर्षांत दोन व्हिसे मिळवून नीट वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा मिळू शकतो, आणि त्यानंतर पाच वर्षांचा. माझे दोन्ही बोर्डिंग पास त्या नकारपत्राच्याच प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये आहेत, पुढच्या अर्जासाठी.